मावशीची खोली, चौघींचं अपार्टमेंट की डॉर्म?

प्रिय ताई,

मी नेपरव्हिलला राहते. दोन वर्षं कॉलेज ऑफ ड्युपेजमध्ये काढली आणि आता ऑगस्टपासून अर्बाना-शॅम्पेनला, इलिनॉय विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला ट्रान्सफर होते आहे. ६० क्रेडिट्स झालेत. ॲडमिशनचा आनंद चार दिवस टिकला, मग राहायचं कुठे यावरून घरात रोज वाद सुरू झाले.

आईची मावसबहीण ब्लूमिंग्टनला असते. तिचा मुलगा शिकायला बाहेर गेल्यामुळे खोली रिकामी आहे आणि ती एक पैसा घेणार नाही. मला गाडी मिळेल. आईला हेच हवंय. मला ऑनलाइन तीन मुली भेटल्यात. त्यांना ग्रीन स्ट्रीटजवळच्या चार बेडरूमच्या अपार्टमेंटसाठी चौथी मुलगी हवी आहे. वर्षाचं लीज, माझ्या वाट्याला महिना ७५० डॉलर. रविवारपर्यंत हो किंवा नाही सांग म्हणतात. तिसरा पर्याय डॉर्म. बाबांना तो महाग वाटतो आणि मला तिथे अठरा वर्षांच्या मुलामुलींत म्हातारी झाल्यासारखं वाटेल. तिथे माझ्या ओळखीचं कुणीच नाही. सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेले असतील ना? काय करू?

– एक वाचक, वय २०

*

रविवार जवळ आहे, म्हणून तेवढं आधी सांगून टाकते. त्या लीजवर रविवारी सही करू नकोस. बाकीचं सावकाश वाच, आणि हे पत्र आईबाबांनाही वाचायला दे, कारण निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

मावशीपासून सुरुवात करू. तिची खोली फुकट आहे असं घरात सगळे धरून चाललेत, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ब्लूमिंग्टनहून शॅम्पेन आय-७४ने साधारण ५० मैल, म्हणजे जाऊन-येऊन १००. आठवड्याला चार दिवस गेलीस तर १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ६० फेऱ्या, ६,००० मैल. आता गाडीचा खर्च म्हणजे नुसता गॅस नव्हे. टायर, ऑइल, विमा आणि दर मैलाला उतरत जाणारी गाडीची किंमत हे सगळं त्यात येतं. कामासाठी स्वतःची गाडी वापरणाऱ्यांकरता आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, २०२५ सालासाठी हा सगळा खर्च मिळून मैलाला ७० सेंट धरला होता. त्या हिशेबाने सेमिस्टरला ४,२०० डॉलर होतात आणि दोन सेमिस्टरचे ८,४००. वर कॅम्पसवरच्या पार्किंगचा परमिट वेगळा. चौघींच्या अपार्टमेंटमधला तुझा बारा महिन्यांचा वाटा ९,००० आहे. म्हणजे फुकटच्या खोलीत आणि ‘महागड्या’ अपार्टमेंटमध्ये उरला फरक ६०० डॉलरचा, आणि परमिट धरला तर तोही कमी होतो. बाबा म्हणतील, गाडी दारात उभीच आहे, विमा भरतोच आहोत. बरं, विमा वजा करा. पण वर्षाला १२,००० मैलांनी झिजलेली गाडी तर वजा करता येणार नाही.

आणि हे झाले फक्त पैसे. आय-७४च्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची सपाट शेतं आहेत. जानेवारीत ती उघडी पडतात आणि वारा अडवायला काही म्हणता काही नसतं. बर्फ पडायचा थांबला, आकाश निळं झालं, तरी वारा शेतातला सुटा बर्फ उचलून रस्त्यावर आणतो आणि पुढची गाडी दिसेनाशी होते. त्या दिवशी सकाळी आठची लॅब असेल तर मावशी तुला घराबाहेर पडू देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

पण समज, रस्ता कायम कोरडा राहिला आणि गॅस कुणी फुकट भरून दिला, तरीही मी या पर्यायाला नाहीच म्हणेन. कारण संध्याकाळ. ५० हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या या विद्यापीठात शिकणं वर्गात सुरू होतं, पण वर्गात संपत नाही. बऱ्याच मोठ्या कोर्सेसच्या मिडटर्म संध्याकाळी सातनंतर असतात. होमवर्कचे गट जेवणानंतर ग्रेंजर लायब्ररीत जमतात. टीएचे, म्हणजे प्राध्यापकांच्या मदतनिसांचे, शंका विचारायचे ऑफिस अवर्स दुपारी उशिरा असतात. मेकॅनिकलची मुलं ज्या टीम्समध्ये गाड्या आणि रॉकेटं बनवतात, त्यांचं खरं काम रात्री चालतं. तू मात्र साडेचारला घड्याळ बघत असशील, अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं म्हणून. घरून ये-जा करून कॉलेज कसं करायचं हे तुला दोन वर्षांच्या अनुभवाने उत्तम जमतंय. नेमकी तीच सवय तिथे तुला महागात पडेल.

ट्रान्सफर होऊन आलेल्यांचे ग्रेड पहिल्या सेमिस्टरला बरेचदा घसरतात. हे इतकं नेहमीचं आहे की जॉन हिल्स या संशोधकाने १९६५ मध्ये ‘ट्रान्सफर शॉक’ या नावाने त्यावर लेख लिहिला, आणि ते नाव अजून वापरात आहे. पुढे अनेकांचे ग्रेड सावरतातही. तुला घाबरवायला हे सांगत नाही. पण पहिल्याच सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्स, नवं शहर, नवे नियम आणि रोजचे १०० मैल हे सगळं एकदम अंगावर घेऊ नये, एवढंच. यातली शेवटचीच गोष्ट आपल्या हातात आहे.

आता ते अपार्टमेंट. त्या मुली चांगल्या असतील. नसतीलच असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. माझी हरकत कागदावर आहे. त्यांच्याकडून लीजची प्रत मागव आणि पहिलं पान उघड. वरती ‘टेनंट्स’ असं लिहून चार रकाने असतील. त्याखाली भाड्याचा आकडा बघ. तिथे ७५० लिहिलंय की ३,०००? ३,००० असेल तर तू एका खोलीवर सही करत नाहीयेस, चारही खोल्यांवर करते आहेस. पुढे कुठेतरी बारीक अक्षरात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द असतील. त्याचा अर्थ असा, की घरमालक पूर्ण भाडं चौघींकडून मिळून मागू शकतो किंवा कोणा एकीकडूनच मागू शकतो. ऑक्टोबरात एकीने कॉलेज सोडलं आणि घरी निघून गेली, तर उरलेल्या तिघींचा वाटा ७५० वरून १,००० वर जातो. मालकाला त्यांच्या भांडणाशी काही देणंघेणं नसतं.

आणि बाबांना गॅरंटर म्हणून सही करायला सांगितलं असेल, तर त्यांनी तो फॉर्म चष्मा लावून वाचावा. बहुतेकांचा समज असतो की आपण आपल्या मुलीच्या वाट्याची हमी देतोय. फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहिलं नसेल, तर ते तीन अनोळखी मुलींसकट चौघींच्या वर्षभराच्या भाड्याची, म्हणजे ३६,००० डॉलरची हमी देत असण्याची शक्यता आहे.

कॅम्पसजवळच्या काही मोठ्या इमारतींत असं नसतं. तिथे प्रत्येकीचं लीज वेगळं असतं, एका बेडचं. शेजारच्या खोलीतली निघून गेली तर तो मालकाचा प्रश्न. त्याला भाडं थोडं जास्त पडतं. अनोळखी लोकांबरोबर राहायचं असेल तर ते जास्तीचे पैसे डोळे मिटून द्यावेत असं माझं मत आहे. तोटा एकच, की रिकाम्या खोलीत मालक त्याच्या मर्जीने कुणालाही आणून ठेवू शकतो.

दुसरी गोष्ट बारा महिन्यांची. लीज ऑगस्ट ते ऑगस्ट असतं, तू राहणार साधारण नऊ महिने. उन्हाळ्यात इंटर्नशिपला बाहेर गेलीस (आणि मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षानंतर जावंच), तर रिकाम्या खोलीचे पैसे भरत राहणार. ९,००० भागिले नऊ म्हणजे तुझं खरं भाडं महिना १,००० आहे. उन्हाळ्यात सबलेट करू, म्हणजे आपली खोली दुसऱ्याला भाड्याने देऊ, असं सगळेच म्हणतात, आणि सगळेच एकाच वेळी सबलेट करायला निघतात. त्यामुळे मे महिन्यात शॅम्पेनमधल्या सबलेटचे भाव कोसळतात. भाडं हातात आल्यावर बाकीची बिलं येतातच. जुन्या इमारतींत भिंतीला लागून इलेक्ट्रिक हीटर असतात, आणि थंडीतल्या अमेरेनच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलाचा आकडा बघून माणसं घरातही कोट घालून बसतात. घर बघायला गेलीस, तर स्वयंपाकघराच्या फरश्या नंतर बघ. आधी सध्याच्या भाडेकरूला विचार, जानेवारीचं बिल किती आलं होतं? सांगायला ती टाळाटाळ करणार नाही. तक्रार करायला कुणी विचारलं की लोकांना बरं वाटतं.

या रविवारच्या मुदतीबद्दल. अशा मुदती क्वचितच खऱ्या असतात. शॅम्पेनमध्ये पुढच्या वर्षाची लीजेस आदल्या शरदापासूनच सह्या व्हायला लागतात. मे-जूनमध्ये ज्या घरात चौथी शोधताहेत, तिथे कुणीतरी ऐनवेळी माघार घेतली आहे. ती का गेली हे आधी विचार. त्या तिघींची नावं लीजवर आधीच असतील, तर चौथी मिळेपर्यंत त्यांनाच तुझा वाटा भरावा लागणार आहे. म्हणजे घाई त्यांना आहे, तुला नाही. आणि त्या मुलींना तू अजून प्रत्यक्ष भेटलेली नाहीस, घर डोळ्यांनी बघितलेलं नाहीस, अशा अवस्थेत कुणी झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) डिपॉझिट मागितलं तर संवाद तिथेच थांबव. व्हिडिओवर घर दाखवायला सांग, पण आधी चित्रित केलेलं नको, चालू कॉलवर. नळ सोडायला लाव, सिंकखालचं कपाट उघडायला लाव, मग दारातून बाहेर येऊन घराचा नंबर आणि रस्ता दाखवायला सांग. घर खोटं असेल तर इथे कुठेतरी फोनची बॅटरी संपते.

मग उरलं डॉर्म, आणि मी त्याच बाजूने आहे. निदान पहिल्या वर्षापुरती.

बाबांचा एक गैरसमज असू शकतो, तो आधी काढते. इलिनॉयला नवीन विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या किंवा विद्यापीठाने मान्यता दिलेल्या खाजगी वसतिगृहात राहण्याची सक्ती आहे, पण ती ३० क्रेडिट्स पूर्ण न झालेल्यांना. तुझी ६० झालीत. तुला सक्ती नाही, निवड आहे. त्यामुळे डॉर्मवाले आपल्याला अडवून पैसे काढताहेत असं मनातून काढून टाका.

महाग आहे हे खरं. पण त्या आकड्यात जेवण, वीज, इंटरनेट, खाट आणि टेबल धरलेलं असतं, आणि करार शैक्षणिक वर्षापुरता असतो, उन्हाळ्याचे पैसे नसतात. अपार्टमेंटच्या ९,०००मध्ये किराणा, अमेरेन, इंटरनेट, गादी आणि त्या गादीसाठी भाड्याने आणलेली व्हॅन मिळव, मग दोन्ही आकडे शेजारी लिही. तरीही डॉर्मचा आकडा मोठा येईल बहुधा. तो फरक तुझ्या एकटीच्या जबाबदारीचा आणि मे महिन्यात मोकळं होण्याचा आहे. मला तो रास्त वाटतो.

कराराचे दोन मुद्दे मात्र तपास. मध्येच, म्हणजे डिसेंबरात सोडायचं म्हटलं तर किती पैसे जातात. आणि हिवाळ्याच्या सुट्टीत खोली उघडी असते की नाही. बऱ्याच हॉलमध्ये ती सुट्टी करारात धरलेली नसते, राहायचं तर वेगळी सोय करावी लागते.

कोणता हॉल, यावर घरात वाद घालण्यापेक्षा नकाशा उघडा. तुझे बहुतेक वर्ग ग्रीन स्ट्रीटच्या उत्तरेला, इंजिनिअरिंगच्या बाजूला असतील. मेकॅनिकलची सिडनी लू बिल्डिंग ग्रीन स्ट्रीटवरच आहे. इलिनॉय स्ट्रीट रेसिडेन्स हॉल्स, ज्याला तिथे सगळे आयएसआर म्हणतात, तिथून ती चालत अगदी जवळ. आयकेनबेरी कॉमन्स शॅम्पेनच्या बाजूला, बरंच दक्षिणेला आहे. तिथली इमारत नवी असेल, फोटो सुंदर असतील, पण फेब्रुवारीत सकाळी आठ वाजता फोटो उपयोगाला येत नाहीत. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा अव्हेन्यूचे हॉल आणखी लांब. बस आहेत, एमटीडीच्या, आणि विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर फिरता येतं. सोय चांगली आहे. तरी मी तुझ्या जागी असते तर आयएसआर पहिल्या क्रमांकावर टाकलं असतं आणि फॉर्मवर कारणही लिहिलं असतं.

वयाचा मुद्दा. अठरा वर्षांच्यांत तू वीस वर्षांची. दोन वर्षांच्या फरकाने म्हातारपण येत नाही, पण तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मजल्यावर रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये फुटबॉल खेळला जातो आणि तुला दुसऱ्या दिवशी डायनॅमिक्सची परीक्षा असते. म्हणून अर्ज करताना नुसतं ‘डॉर्म’ म्हणू नकोस. हाउसिंगच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचार: वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे मजले किंवा इमारती कोणत्या, ट्रान्सफर विद्यार्थ्यांना एकत्र ठेवण्याची काही सोय आहे का, आणि सिंगल खोलीची प्रतीक्षायादी किती लांब आहे. ई-मेल नको, फोनच. ई-मेलला वेबसाइटची लिंक उत्तरात येते.

ट्रान्सफरवाल्यांची गरज वेगळी असते हे आता मोठमोठ्या विद्यापीठांच्याही लक्षात आलंय. बर्कलीने २०२४ मध्ये ७७२ ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी अँकर हाउस नावाची इमारत उघडली. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र बेडरूम आणि अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर. यूसीएलएने २०२२ पासून ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांना दोन वर्षांच्या निवासाची हमी द्यायला सुरुवात केली. हे तुला उगाच हेवा वाटावा म्हणून सांगत नाही. आपण काहीतरी जगावेगळं मागतोय असं वाटून फोनवर बिचकू नकोस, म्हणून सांगितलं.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो तू पत्रात घाईघाईने उरकलास, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस. सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेले असतील ना?

हो, झालेले असतील. पहिल्या वर्षी एका मजल्यावर राहिलेली मुलं तिसऱ्या वर्षी एकत्र अपार्टमेंटमध्ये जातात, त्यांना नवीन माणसाची गरज नसते. ती वाईट नसतात, त्यांच्याकडे जागा नसते. म्हणून तुला अशा ठिकाणी राहायचंय जिथे नवीन माणसं आहेत आणि त्यांनाही कुणी हवंय. चार बेडरूमच्या घरात तुला तीन माणसं भेटतील, आणि त्या तिघी एकमेकींच्या मैत्रिणी असतील तर तू कायम चौथी. ब्लूमिंग्टनला तर मावशी आणि काका भेटतील, आणि काकांचे स्टेट फार्म या विमा कंपनीतले मित्र. डॉर्मच्या जेवणघरात रोज शंभर माणसं दिसतात. त्यातली ९५ नुसती दिसतील. चालेल.

शिवाय तुझ्याकडे चार वर्षं नाहीत, दोनच आहेत. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलाला वर्षभर चाचपडायची मुभा असते, ती तुला नाही. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी क्वाड डे असतो. मेन क्वाडवर शेकडो विद्यार्थी संघटना टेबलं मांडून बसतात. त्या दिवशी तू शॅम्पेनमध्ये असायला हवंस. पाहुणी म्हणून नाही, तिथली रहिवासी म्हणून. संध्याकाळी पहिल्या मीटिंगला या म्हणाले तर जाता आलं पाहिजे.

आणि म्हणूनच मी पहिल्या वर्षासाठी नऊ महिन्यांच्या करारावर इतकी अडून बसले आहे. पुढच्या वर्षीचं घर खरं निवडायचंय ते तुझ्या स्वतःच्या माणसांबरोबर. ऑक्टोबर आला की घरमालकांचे फलक लागतील, फेसबुकवर जाहिराती येतील, वर्गातली मुलं ‘आमचं झालं बाई, तुझं?’ असं विचारून जीव घाबरा करतील. तेव्हा पुन्हा घाई करू नकोस. ज्यांच्याबरोबर तू मिडटर्मचा एक आठवडा काढलायस, त्यांच्यातून निवड. अभ्यासाच्या गटात जी मुलगी वेळेवर येते आणि खाल्लेल्याची ताटली उचलते, ती रूममेट म्हणून चालते. अमेरिकेत याहून चांगली परीक्षा कुणी काढलेली माझ्या माहितीत नाही.

तेव्हा लीज हातात आलं की विद्यापीठाच्या ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंग कार्यालयात घेऊन जा. ते विद्यार्थ्यांची लीजेस फुकट वाचून देतात आणि कोणत्या घरमालकाविरुद्ध तक्रारी आल्यात हेही सांगतात. राहायला गेल्याच्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, गालिच्याचा, ओव्हनच्या आतला फोटो काढ. इलिनॉयमध्ये पाच किंवा अधिक घरं असलेल्या इमारतीत मालकाला डिपॉझिटमधून दुरुस्तीचे पैसे कापायचे असतील तर ३० दिवसांत तपशीलवार यादी द्यावी लागते, आणि कापण्यासारखं काही नसेल तर ४५ दिवसांत पैसे परत करावे लागतात. फोटो असले की ही यादी आपोआप लहान होते. आणखी एक: जुनं लीज संपणं आणि नवं सुरू होणं यात मध्ये दिवस असू शकतात. विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला, तर हा सोहळाच असतो. बरीचशी विद्यार्थ्यांची लीजेस १४ ऑगस्टला संपतात आणि नवीन १५ला सुरू होतात. मधली रात्र मुलं भाड्याच्या ट्रकमध्ये सोफ्यावर झोपून काढतात आणि शहरभर फुटपाथवर फुकट फर्निचर पडलेलं असतं. टेबल, खुर्च्या खुशाल उचला. गादी कधीही नाही, ढेकूण बरोबर येतात.

समज, उशीर झालाय आणि डॉर्ममध्ये जागाच नाही असं कळलं, तर? मग विद्यापीठाची मान्यता असलेली खाजगी वसतिगृहं बघ, तिथेही जेवणासकट वर्षापुरता करार असतो. तेही जमलं नाही तर स्वतंत्र लीजवाली इमारत, इंजिनिअरिंगपासून चालत २० मिनिटांच्या आत. त्यानंतर एका सेमिस्टरचं सबलेट. वसंतात परदेशी शिकायला किंवा को-ऑपला (सेमिस्टरभर कंपनीत काम करायला) जाणाऱ्यांच्या खोल्या रिकाम्या होतात, शरदात तशा कमी मिळतात, पण मिळतात. सबलेट घेताना घरमालकाची लेखी परवानगी बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. चौघींचं एकत्र लीज या सगळ्यांच्या नंतर, आणि तेही तिघींना प्रत्यक्ष भेटल्यावर. सही केलीच आणि मध्येच सोडावं लागलं, तर एवढं माहीत असू दे की इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे मालकाला दुसरा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करावा लागतो. तो हातावर हात ठेवून वर्षाचं भाडं वसूल करत बसू शकत नाही. पण त्या आधारावर सही करायची नसते.

बाबांसाठी पैशाचं थोडं. आर्थिक मदत मिळत असेल तर विद्यापीठ तुझा वर्षाचा खर्च ठरवताना तू कुठे राहतेस ते बघतं. नातेवाइकाकडे राहणार म्हटल्यावर तो आकडा कमी धरला जाऊ शकतो. निर्णय घ्यायच्या आधी फायनान्शियल एडच्या कार्यालयाकडून तिन्ही पर्यायांचे आकडे लेखी मागवा. तुझ्या नावाने ५२९ खातं (शिक्षणासाठी करसवलतीत पैसे साठवायचं खातं) असेल तर त्यातले पैसे डॉर्मला चालतात, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या निम्मे किंवा अधिक क्रेडिट्स तू घेत असशील तर बाहेरच्या अपार्टमेंटच्या भाड्यालाही, विद्यापीठाने खर्चासाठी ठरवलेल्या मर्यादेपर्यंत. हे बाबांना माहीत नसेल तर वादातला अर्धा आवाज इथेच खाली येईल. आणि मदतीचे पैसे सेमिस्टर सुरू व्हायच्या सुमारास हातात येतात, डिपॉझिट आणि पहिलं भाडं मात्र त्याआधी भरावं लागतं. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा.

राहिली मावशी. तिला नाही म्हणायचं काम आईवर ढकलू नकोस, तू स्वतः फोन कर. ‘नको’ म्हणू नकोस, दुसरं काहीतरी माग. तिची खोली तुला रोज नको असली तरी थँक्सगिव्हिंगला हवी आहे, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत हॉल बंद झाल्यावर नेपरव्हिलला जायच्या आधीचे दोन दिवस हवी आहे. मेमध्ये डॉर्म रिकामं करताना फ्रिज आणि खोकी ठेवायला तिचं गॅरेज हवं आहे. ताप आला आणि खिचडी खावीशी वाटली, तर तासाभराच्या अंतरावर जाऊन पडायला हक्काचं घर हवं आहे. हे सगळं तिला असंच सांग. मुलगा गेल्यापासून घर रिकामं वाटतं म्हणून तिने खोली देऊ केली असेल, तर महिन्यातून एक रविवार तुझ्याबरोबर जेवणं तिलाही रोजच्या तुझ्या थकलेल्या चेहऱ्यापेक्षा बरं वाटेल. रुसली तर दोन दिवस रुसेल. मग लोणच्याची बरणी घेऊन स्वतःच शॅम्पेनला येईल.

आईला एक सांग. तिला रस्त्याची काळजी आहे की परक्या मुलींची, हे तिने नीट ठरवावं. रस्त्याची असेल तर डॉर्म आणि चालत वर्ग हाच सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे. रात्री उशीर झाला तर एमटीडीची सेफराइड्स ही घरी सोडणारी सेवा आहे. परक्या मुलींची असेल तर डॉर्ममध्ये भांडण झाल्यावर खोली बदलून मागता येते, लीजमध्ये ती सोय नसते.

गाडी पहिल्या सेमिस्टरला नेपरव्हिललाच ठेव. शिकागोहून ॲमट्रॅक शॅम्पेनला थेट येते, बसही आहेत. पार्किंगचा परमिट वाचेल आणि दर शुक्रवारी घरी पळायचा मोहही थोडा कमी होईल.

त्या तिघींना आजच कळव. एवढंच लिही: ‘लीजची प्रत बघितल्याशिवाय मला ठरवता येणार नाही, आणि रविवारपर्यंत जमणार नाही. दुसरी कुणी मिळाली तर तिला घ्या.’ सोमवारी सकाळी हाउसिंगला फोन लाव, आणि फोनवर बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेव.